मजले चढले, पण सांडपाण्याचं काय?

महोदय,

बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर भागात एकेकाळी अंगणात आंबा-फणस असलेली कौलारू घरं होती. आता तिथं पार्किंगवर पाच-सहा मजले चढताहेत. हौसेनं घर घेणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. माझा मुलगाही फ्लॅटच बघतोय.

शहराबाहेर हलग्याजवळ २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, उभं राहिलं, तेव्हापासून हॉटेलवाल्यांचीही नजर शहरावर आहे. हिवाळी अधिवेशनात खोली मिळत नाही, हे खरं. पण अधिवेशन चालतं जेमतेम दोन आठवडे. बाकीचं वर्ष?

माझा खरा प्रश्न पाण्याचा आहे. शहराला पाणी येतं राकसकोप आणि हिडकल या धरणांतून. २००८ मध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, आमच्या गल्लीत मात्र अजून घागरी भरून ठेवाव्या लागतात. आणि वापरलेलं पाणी जातं कुठं? बळ्ळारी नाल्यात. पावसाळ्यात तो फुगला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातली भातशेती पाण्याखाली जाते. बेळगावच्या बासमतीचा घमघमाट याच शिवारातला. दुबार लावणी करून थकलेल्या शेतकऱ्याला कुणी बिल्डर जमिनीचा भाव विचारायला आला, तर तो किती दिवस नाही म्हणेल?

म्हणून महापालिकेला विनंती : नव्या टोलेजंग इमारतीला परवाना देताना तिचं सांडपाणी कुठं जाणार, ते नकाशासकट फलकावर लावा, कन्नडबरोबर मराठीतही. नाल्यातला गाळ मात्र मृगाच्या आधी काढा.

— एक शेतकरी वाचक, वडगाव, बेळगाव