सायलीच्या गोळ्या आणि आपल्या घरचं ताट

कोल्हापूर

चि. रोहित यास अनेक आशीर्वाद.

सायलीच्या रिपोर्टात पीसीओडी निघालं, म्हणजे अंडाशयांचं आणि हार्मोनचं गणित बिघडण्याचं दुखणं, आणि परवा फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागणार का, सायलीला मूल होईल ना, आणि आत्याला हे सांगायचं की नाही. औषधांच्या दुकानात गर्दी होती म्हणून नीट बोलता आलं नाही, आणि हे काउंटरवर उभं राहून बोलायचं नव्हेच. सायलीला विचारूनच लिहिते आहे. पत्र दोघांनी वाचा, पण लिहिलंय ते तुला. तिला डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलंय. तुला कुणी सांगितलेलं नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्याला सांगायचं की नाही ते सायली ठरवेल. दुखणं तिचं आहे, तेव्हा बातमीही तिचीच. कुणी ‘गोड बातमी कधी’ म्हणून विचारलंच तर माझ्याकडे पाठव, मी बघून घेते.

आता रिपोर्टाचं. दोन्ही अंडाशयांत गाठी असं वाचून तू हबकलास. त्या कापून काढायच्या गाठी नव्हेत रे. दर महिन्याला अंडाशयात काही बीजकोश वाढायला लागतात, त्यातला एक पूर्ण वाढून फुटतो आणि बीज बाहेर पडतं. सायलीचे कोश अर्ध्यावर वाढून थांबतात. तेच बारके बारके कोश सोनोग्राफीत दिसतात. बीज वेळेवर बाहेर पडत नाही म्हणून पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते.

यात इन्शुलिनचा हात मोठा असतो. जेवणातली साखर पेशींच्या आत जायला इन्शुलिन लागतं. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणि ते जास्तीचं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त तयार करायला लावतं. हनुवटीवरचे राठ केस, पुरळ, भांगात विरळ होत चाललेले केस, सगळं तिथून येतं. घराण्यातूनही हे येतं. सायलीच्या मावशीला होतं, फक्त तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. दर दहा जणींत साधारण एकीला हे असतं आणि कित्येकींना पत्ताही नसतो. बारीक अंगाच्या मुलींनाही होतं. तेव्हा ‘खाऊन खाऊन झालं’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवायचं.

निदान नुसत्या सोनोग्राफीवर करत नाहीत, हेही लक्षात ठेव. २००३ साली रॉटरडॅमला निकष ठरले, ते आजही थोड्या फरकाने चालतात. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) तपासून ती कारणं बाजूला काढावी लागतात. सायलीच्या डॉक्टरांनी हे सगळं केलंय. फाइल मी पानन् पान बघितली. बाई नीट काम करणाऱ्या आहेत, त्यांना सोडून दुसरीकडे धावाधाव करू नका.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. चुलत घरच्या बारशाला एका बाईंनी चारचौघींत सायलीला सांगितलं, ‘मान बेसन लावून घासत जा गं, मळ बसलाय.’ रात्री ती न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा मानेची मागची बाजू घासून लालभडक झाली होती. तो मळ नव्हताच. इन्शुलिन वाढलं की मानेवर, काखेत कातडी काळी आणि जाड होते, हात लावला तर मखमलीसारखी लागते. घासून ती जात नाही, उलट सोलते. आतलं इन्शुलिन खाली आलं की हळूहळू उजळते. मी तिला तेव्हाच खोबरेल लावून दिलं आणि डॉक्टरांकडे जायला सांगितलं. पण नवरा म्हणून अशा वेळी तिच्या शेजारी उभं राहणं तुझं काम आहे.

आता गोळ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आहे हे वाचून तू म्हणालास, ‘तिला शुगर नाही, मग कशाला?’ पेशींनी इन्शुलिनला पुन्हा दाद द्यावी म्हणून. सुरुवातीला मळमळ, गॅस, जुलाब होतात. म्हणून ५०० मिलीग्रॅमपासून, जेवणासोबत, दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. कितीतरी मुली पहिल्याच आठवड्यात ‘सोसत नाही’ म्हणून सोडतात आणि अर्धी पट्टी घेऊन माझ्याकडे परत करायला येतात. सोडायची नाही. डॉक्टरांना सांगितलं तर हळूहळू विरघळणारी गोळी देतात, ती पोटाला सोसते. वर्षानुवर्षं चालू राहिली तर बी-१२ कमी होऊ शकतं, त्याची तपासणी मधूनमधून करायची. आणि ही गोळी सुरू झाल्यावर बीज बाहेर पडायला लागू शकतं. पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणारच नाहीत, अशा भ्रमात राहू नका.

दुसरी हार्मोनची, म्हणजे गर्भनिरोधक गोळी. तुम्हाला अजून वर्षभर मूल नको आहे, म्हणून ती दिली आहे. तिने पाळी वेळेवर येते, पुरुषी हार्मोन दबतं, पुरळ आणि केसांची वाढ कमी होते. चेहऱ्यावरच्या केसांत फरक दिसायला सहा महिने तरी जातात, तोवर पार्लर किंवा लेझर करायला हरकत नाही, त्यात नखरा काही नाही. ही गोळी सगळ्यांना चालत नाही. डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते का, ब्लडप्रेशर आहे का, घरात कुणाला पायात रक्ताची गाठ झाली होती का, हे विचारून मगच देतात. पोटरी एकदम सुजून दुखायला लागली किंवा छातीत दुखून धाप लागली तर त्याच क्षणी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही.

दुकानात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगते. अंबाबाईच्या दर्शनाला यायचं असतं, घरात पूजा असते, म्हणून बायका पाळी पुढे ढकलायची गोळी मागतात. आणि दुसऱ्या बाजूला चार-चार महिने पाळी न आलेल्या पोरीची आई येते आणि ‘पाळी आणायची गोळी द्या’ म्हणते. चिठ्ठी नसते. गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याकडची एक आई अशीच आली होती, मुलगी मागे छत्री धरून उभी. पाच महिने पाळी नव्हती आणि लग्न जमतंय म्हणून कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मी गोळी दिली नाही. दोघींना आत स्टुलावर बसवलं, स्त्रीरोगतज्ज्ञाचा पत्ता लिहून दिला आणि मुलीशी थेट बोलले. पाळी येत नाही तोवर गर्भाशयाचं अस्तर आत साठत राहतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर ते वेडंवाकडं वाढतं, पुढे कॅन्सरचीही भीती असते. म्हणून कधी हार्मोनची गोळी बंद झाली आणि त्यानंतर तीन महिने पाळी आली नाही, तर सायलीने ‘येईल येईल’ म्हणत बसायचं नाही. डॉक्टर काही दिवसांची प्रोजेस्टेरॉनची गोळी देऊन ते अस्तर उतरवतात. ती तारीख तिच्या एकटीच्या डोक्यात नको, तुझ्या फोनमध्येही असू दे.

जन्मभर घ्यायच्या का, तर तसं काही नाही. गोळ्या बदलतील, काही बंद होतील, मूल हवं तेव्हा वेगळ्या सुरू होतील. दुखणं मुळासकट उपटून टाकणारी पावडर मात्र कुठेही मिळत नाही. मोबाइलवर ‘४० दिवसांत पीसीओडी गायब’ म्हणून जे दाखवतात ते मागवू नकोस. असे डबे घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि यात काय आहे विचारतात, तर डब्यावर धड काही लिहिलेलं नसतं.

आता ताट, आणि इथे मला तुझ्याशी सविस्तर बोलायचंय. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की या दुखण्यासाठी अमुकच आहार श्रेष्ठ असं काही नाही. कीटो नको, नुसत्या सॅलडवर राहणं नको, दूध-गहू एकदम बंद करणंही नको. जे वर्षानुवर्षं निभेल ते खायचं. आणि कोल्हापूरचं जेवण त्याला वाईट नाही, फक्त माप बदलायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडं, मासा किंवा चिकन, आणि उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. ज्वारी-नाचणीची भाकरी चपातीपेक्षा बरी, पण भाकरी म्हणजेही पीठच, चार खाल्ल्या तर साखर चढणारच. एक-दीड पुरे. आजऱ्याचा घनसाळ भात मी दोन वाट्यांऐवजी एक करते, वास तोच येतो.

मिसळ सोडायची नाही. मटकी हीच तर त्यातली चांगली गोष्ट. मोडाची मटकी जास्त घ्यायची, कट बेताचा, फरसाण चिमूटभर, आणि पाव एक. तुझ्यासारखे चार नव्हे. रविवारचं मटण होऊ दे, तांबडा रस्सा वाटीभर घे. पांढऱ्यात खोबरं, खसखस, तीळ असतं, तो अर्धी वाटी. आणि गूळ. आपल्या कोल्हापूरच्या गुळाचा मलाही अभिमान आहे, २०१४ साली त्याला जीआय मानांकन मिळालं. पण ‘साखर नको, गूळ चालतो’ हे खोटं आहे. इन्शुलिनला गूळ काय आणि साखर काय, सारखंच. दिवसातून चार वेळा गुळाचा चहा म्हणजे चार वेळा गोड. चहा दोनदा, आणि गोडी हळूहळू उतरवत न्यायची.

नवरात्रात इकडे येणार आहात. नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं हा उपवास सायलीच्या शरीराला उलटा पडतो, सगळा पिष्टमय पदार्थांचा मारा. तिची श्रद्धा आहे, मी ती मोडायला सांगणार नाही. पहिला आणि शेवटचा दिवस धरू दे, राजगिरा, दही, शेंगदाणे, काकडी, फळ यावर भागवू दे, आणि मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घ्यायची नाही हे ध्यानात ठेवू दे. घरात कुणी ‘नऊ दिवस नाही केले?’ असं विचारणार नाही, ते मी बघते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला वेगळं वाढायचं नाही. तिच्यासाठी उकडलेली भाजी आणि तुझ्यासाठी बटाटावडे, असा संसार तीन आठवड्यांत कोलमडतो. जे तिचं ताट तेच तुझं. तुझ्या बाबांना पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, तेव्हा या ताटाची तुलाही गरज आहेच. स्वयंपाक, भाजी निवडणं, मटकी भिजत घालणं हे तू शिकून घे. दिवसभर ऑफिस करून तिनेच रात्री दोघांचं पथ्य रांधायचं, हे मला मान्य नाही.

वजनाचा आकडा तिच्या डोक्यावर बसवू नकोस. ७० किलो वजनाच्या बाईचं साडेतीन ते सात किलो जरी उतरलं तरी पाळी सुधारते, बीज बाहेर पडायला लागतं. आणि नाही उतरलं तरी चालण्याचा, व्यायामाचा फायदा इन्शुलिनला होतोच. आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं, आणि दोन दिवस वजनं उचलणं किंवा बैठका. तुम्ही दोघं रात्री जेवल्यावर मोबाइल घरी ठेवून चाला. इथे आलात की रंकाळ्यावर मी येते बरोबर.

मुलाचं. होईल. या दुखण्यात बीज नसतं असं नव्हे, वेळेवर सुटत नाही एवढंच, आणि ते सोडवायला चांगली औषधं आहेत. आता आधी लेट्रोझोल देतात, पाळीच्या सुरुवातीला पाच दिवसांची. पुष्कळ जणींना तेवढ्यावर दिवस राहतात. ज्या वेळी ठरवाल त्याआधी दोन-तीन महिने तिने डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे हार्मोनची गोळी बंद करून फॉलिक ॲसिड सुरू करतील. केसांसाठी कधी स्पायरोनोलॅक्टोन दिलं असेल तर ते आधी थांबवायलाच हवं, मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका असतो. पाळी अनियमित असताना ‘वर्षभर वाट बघू’ असं म्हणायचं नाही, लवकर जायचं. आणि त्या वेळी पहिली तपासणी तुझी. वीर्यतपासणी स्वस्त असते, सोपी असते, आणि पुरुष ती शेवटपर्यंत टाळतात. तू टाळायची नाहीस. दिवस राहिले की तिची साखर लवकर तपासून घ्यायची, कारण गरोदरपणातला मधुमेह अशा मुलींना जास्त होतो.

तिचं मनही बघ. या दुखण्यात उदासी आणि धास्ती जास्त आढळते, त्याची विचारपूस करायला त्या मार्गदर्शक तत्त्वांत डॉक्टरांनाही सांगितलेलं आहे. झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, आरसा टाळत असेल तर ‘एवढं काय’ म्हणू नकोस. विचार, ऐक, आणि गरज पडली तर समुपदेशकाकडे घेऊन जा.

येताना तिची फाइल आण. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी करतात ती साखरेची तपासणी अजून झालेली दिसत नाही, नुसती उपाशीपोटीची आहे. डॉक्टरांना विचारून ती इथे असताना करून घेऊ, कोलेस्टेरॉलही त्यातच बघू. मेटफॉर्मिनची पट्टी संपत आली असेल तर आणखी घेऊ नकोस, चिठ्ठीचा फोटो पाठव, मी काढून ठेवते.

तुझी
आई