27 मार्चला आलेला हप्ता : विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

पुणे, 4 एप्रिल

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार यांना सविनय नमस्कार.

मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. मोकळ्या हवेतून लेसर किरणाने माहिती पाठवणारी सिलिकॉनची चिप हा माझा विषय. आमच्या प्रकल्पाचा दुसरा हप्ता सप्टेंबरात देऊ, असे अनुदान देणाऱ्या संस्थेने लेखी कळवले होते. तो 27 मार्चला, शुक्रवारी सायंकाळी जमा झाला आणि 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम परत करावी, अशी ताकीद सोबत आली. मधले दोन दिवस सुट्टीचे होते. परवा ती सगळी रक्कम परत गेली.

काय गेले, हे कळावे म्हणून ही चिप कशी चालते ते सांगते. नखाएवढ्या तुकड्यावर सुमारे अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या वाटा कोरलेल्या असतात. डोळ्यांना न दिसणारा, 1550 नॅनोमीटरचा प्रकाश त्यांतून अनेक फाट्यांत वाटला जातो. प्रत्येक फाट्यावरचा इवलासा तापक त्या प्रकाशाची कला, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ, किंचित मागेपुढे करतो आणि कला जुळल्या की एकही आरसा न हलवता किरण हव्या त्या दिशेला वळतो. चिपला काचतंतू जोडताना एका मायक्रॉनचीही चूक चालत नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मी दुपारभर तो जुळवते. रस्त्यावरून एखादा अवजड ट्रक गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गच्चीवरून समोरच्या पाण्याच्या टाकीवर किरण नेऊन पाहायचा, तर पावसाळा सोडून उरलेले महिनेच हाताशी असतात.

या चिप आम्ही परदेशातील फाउंड्रीकडून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याकडून, करून घेतो. तिथे अनेक गटांचे आराखडे एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, एकत्र छापले जातात. अशा फेऱ्या वर्षातून मोजक्याच असतात. सप्टेंबरात पैसे आले असते तर मी हिवाळ्याच्या फेरीत जागा घेतली असती. ती हुकली, आणि तिच्याबरोबर माझे एक वर्ष गेले.

माझी फेलोशिपही सात महिने थकली आहे. 2023 मध्ये वरिष्ठ फेलोशिप 35,000 वरून 42,000 रुपये झाली, तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. पण हातात न पडणाऱ्या वाढीतून खोलीचे भाडे देता येत नाही. तिशीत पोचलेली मुलगी निवृत्त एस.टी. वाहक असलेल्या वडिलांकडून दर महिन्याला भाडे मागून घेते, हे लिहितानाही मला लाज वाटते. आईने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याचे मला शेजारणीकडून कळले. अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र चार दिवस उशिरा गेले तर आम्हाला खुलासा मागणाऱ्यांनी सहा महिन्यांच्या उशिराचा खुलासा कोणाला दिला आहे?

जग थांबलेले नाही. 2021 मध्ये आफ्रिकेतील काँगो नदीवरून, ब्राझाव्हिल आणि किन्शासा या शहरांमध्ये, सुमारे पाच किलोमीटर हवेतून वीस दिवसांत जवळजवळ 700 टेराबाइट माहिती ‘तारा’ या अमेरिकी गटाने किरणाने पोचवली. ती यंत्रणा आरशांवर चालत होती. त्याच गटाने 2025 मध्ये आरशांचे काम नखाएवढ्या चिपवर आणून एक किलोमीटरवर सेकंदाला 10 गिगाबिट वेग दाखवला. ज्या डोंगराळ गावांपर्यंत चर खणून केबल नेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हे किती मोलाचे आहे, हे सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे मात्र संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्क्यांवर अडकला आहे. जुलै 2022 मध्ये संशोधन उपकरणांवर फक्त 5 टक्के जीएसटी लावण्याची सवलतही काढून घेतली गेली. 2025 मध्ये एक लाख कोटींचा संशोधन निधी मंजूर झाला, पण वर कितीही रक्कम ओतली तरी खाली ती मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच ठिबकणार असेल, तर प्रयोगशाळेत काहीही उगवणार नाही. या व्यवस्थेला संशोधक हा हिशेब बुडवणारा माणूस वाटतो आणि तिचा प्रत्येक नियम त्याच संशयातून लिहिलेला आहे. मला याची चीड येते.

हप्ता मिळाल्यापासून बारा महिने तो वापरू द्यावा, फेलोशिप पगारासारखी एक तारखेला द्यावी, आणि देशातील सर्व गटांसाठी फाउंड्रीच्या फेऱ्यांतील जागा मंत्रालयाने एकत्रित आरक्षित कराव्यात, अशी माझी मागणी आहे.

पुढच्या फेरीसाठी आराखडा देण्याची मुदत 30 जून आहे. आराखडा तयार आहे. परत गेलेली रक्कम त्याआधी मिळावी.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी