गोळीने नुकसान झालं तर दाद कुठे मागायची?

मा. संपादक महोदय,
स.न.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासूबाईंना युरिक ॲसिड वाढलं म्हणून ॲलोप्युरिनॉलची गोळी सुरू झाली, तिसऱ्या आठवड्यात अंगावर चट्टे उठले, आम्हाला वाटलं घामोळं असेल, आणि दोन दिवसांत तोंड आतून सोलवटलं, ओठ एकमेकांना चिकटायचे, पेज चमच्याने भरवली तरी गिळवेना. अकरा दिवस ॲडमिट होत्या. वाचल्या. पण अंगावर काही उठलं तर गोळी लगेच बंद करा, एवढं एक वाक्य डॉक्टरांनी सांगितलं असतं तर! ते दोन दिवस मी माझ्या हाताने गोळी देत राहिले, हे अजून डोक्यातून जात नाही.

वकिलांकडे गेलो तर पहिलाच प्रश्न, बिल कुठंय? मेडिकलवाल्याने पाठकोऱ्या चिटोऱ्यावर नुसती बेरीज करून दिलेली. मग म्हणाले स्ट्रिप आणा. आम्ही पाच-पाच गोळ्या कापून घ्यायचो आणि बॅच नंबर राहायचा दुकानातल्या अर्ध्या तुकड्यावर, म्हणजे गोळी कुठल्या बॅचची हेच सिद्ध होईना. तेव्हा कृपा करून पक्कं बिल मागा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी मागा. हॉस्पिटलचे कागदही लेखी अर्ज देऊन मागता येतात, 72 तासांत द्यायचा नियम आहे.

कायदा आहे, नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये डॉक्टर, दुकानदार, कंपनी तिघांविरुद्ध जाता येतं, आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत 2 वर्षं, आणि औषध-उपचारासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी पण लागत नाही. (जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात तक्रार चालत नाही.) अनुराधा साहा 1998 मध्ये गेल्या, कोलकात्यातल्या उपचारात चुकीच्या डोसात स्टेरॉइड दिलं होतं, त्यांच्या नवऱ्याने लढून 2013 मध्ये सुप्रीम कोर्टातून जवळपास 6 कोटी मिळवले. पण ते स्वतः डॉक्टर होते आणि तरी पंधरा वर्षं लागली, आपल्यासारख्यांनी काय करायचं? साइड इफेक्ट झाला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, कोणाचा तरी निष्काळजीपणा किंवा औषधातला, त्यावरच्या सूचनांमधला दोष दाखवावा लागतो. कंपनी म्हणते आम्ही डॉक्टरांना सावध केलं होतं, चिठ्ठीवरच्या औषधाला कायदा तेवढी पळवाट देतो, आणि डॉक्टर म्हणतात हा रेअर प्रकार आहे.

मला सगळ्यात लागतं ते हे की यातला मोठा बदल आपल्या इंदूरमुळेच झालाय. इथल्या औषध ट्रायल्सचं, म्हणजे पेशंटवर नवी औषधं तपासून बघण्याचं प्रकरण गाजलं, इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली, आणि 2013 मध्ये नियम आले की ट्रायलमधल्या औषधाने इजा झाली तर फुकट उपचार आणि ठरलेल्या हिशोबाने भरपाई, तिथे कोणाची चूक हे पेशंटने सिद्ध करत बसायला नको. मग तेच औषध बाजारात आल्यावर चिठ्ठीवर घेणाऱ्या माणसाला ही सोय का नाही? सरकारने अशा भरपाईसाठी फंड करावा, कंपन्यांकडून पैसे घ्यावेत, आपल्या खासदार-आमदारांनी हा विषय उचलावा.

तोवर औषधाने त्रास झाला तर निदान रिपोर्ट तरी करा. औषधांच्या साइड इफेक्टची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची हेल्पलाइन आहे, 1800-180-3024, टोल फ्री. पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. त्याने पैसे मिळत नाहीत पण नोंद होते, तारीख राहते. आमचा फॉर्म सासूबाईंनी स्वतः सही करून दिला, आणि ती कापलेली अर्धी स्ट्रिप मी फाईलला पिनने लावून ठेवलीय, तक्रार या महिन्यातच दाखल करतोय.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर