पोट सकायी असं नव्हतं

प्रिय मित्रा,

मी दवाखान्यात डॉक्टरांशी भांडलो, असं तुझ्या कानावर आलं म्हणे. परवा फोनवर तू विचारलंस आणि मी विषय टाळला. शेजारी आई बसली होती. तिच्यापुढे त्या दिवसांचा विषय काढला की ती रडायला लागते. आणि तुझ्याही घरी आता सातवा महिना आहे, म्हणून सगळंच सविस्तर लिहितो.

सोयाबीन काढणीला आलं होतं. मळणीयंत्रवाल्याला दुसऱ्या दिवसाचं सांगून ठेवलं आणि रात्री अकराला तुझ्या वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. एकतिसावा आठवडा होता. आशाताईने १०८ ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरने लगेच एक इंजेक्शन दिलं आणि जिल्ह्याच्या गावी पाठवलं. वेळेआधी येणाऱ्या बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून ते देतात. पुढचे डोस जिल्ह्याला मिळाले. त्या सिस्टरचं नावही विचारायचं राहिलं, ते अजून टोचतं. आपली चिमणी दोन दिवसांनी जन्मली. वजन १,३४० ग्रॅम.

तिला तिसऱ्या मजल्यावरच्या नवजात विभागात नेलं. नाकात श्वासाची नळी, तोंडातून पोटात दुधाची नळी, पायाला लाल दिवा. तिची आई पहिल्या मजल्यावर, टाके घातलेली. मी जिन्यात. काचेतून दिवसातून दोनदा पाहायचं, एवढीच परवानगी. मी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुमाले समजणार नाही, तुमी बाहेर थांबा." सिस्टर वाईट नव्हती रे. एकटी बाई आणि चौदा लेकरं. एकीची सुई निघाली की दुसऱ्याचं मशीन वाजायचं. हे मी जिन्यात बसून पाहत होतो, म्हणून आवाज चढवावासा कधी वाटला नाही. पण गप्प बसून भागणारं नव्हतं.

पहिली अडचण दुधाची. दुसऱ्या दिवशी कळलं की बाळाला पावडरचं दूध चालू आहे. का, तर आईचं दूध वर पोचत नाही! पोचवणारंच कोणी नव्हतं. मी विचारलं, "मी आणून दिलं तर चालेल का?" कोणीच नाही म्हणालं नाही, फक्त तोवर कोणी विचारलं नव्हतं. मग तुझी वहिनी दर दोन तासांनी हाताने चीक काढायची. पहिल्यांदा चमचाभरसुद्धा नाही, उकळलेल्या स्टीलच्या वाटीच्या तळाला नुसता पिवळा ओलावा. आमच्याकडे म्हाताऱ्या अजूनही चीक फेकायला सांगतात, आणि इथे तोच औषध होता. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं नाजूक असतं, आईच्या दुधाने ते सांभाळलं जातं. रात्री दोनला, चारला, सहाला मी वाटी झाकून दोन जिने चढायचो. सिस्टर नळीतून दोन-दोन मिली सोडायची.

वहिनीने एक दोनशे पानी वही केली. रोजचं वजन, किती दूध, शी-शू किती वेळा, कोणती औषधं. चौथ्या दिवशी वजन १,२३० वर आलं तेव्हा तिचे हात कापत होते. तिने विचारलं, तेव्हा कळलं की सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. नसतं विचारलं तर ती रात्रभर त्या आकड्याकडे पाहत बसली असती.

आता ज्या दिवसाला लोक भांडण म्हणतात तो सांगतो.

सहाव्या दिवशी दूध द्यायला वहिनीला पाच मिनिटं आत सोडलं होतं. ती बाहेर आली ती सरळ सिस्टरकडे गेली. "बाई, हिचं पोट सकायी असं नव्हतं." सिस्टर म्हणाली, कमी दिवसांच्या लेकरांचं पोट असंच दिसते. वहिनी म्हणाली, "दिसत असन. पण हिचं सकायी नव्हतं." सिस्टर कामाला लागली. अर्ध्या तासाने वहिनी पुन्हा गेली. मग मी गेलो. चिडलेल्या आवाजात सांगण्यात आलं की वारंवार त्रास दिला तर दोघांनाही खाली पाठवू. मी हात जोडून म्हणालो, पाठवा, पण आधी डॉक्टरांना एकदा पोट दाखवा, आणि आम्ही सांगितलं होतं एवढं कागदावर लिहा. "कागदावर लिहा" हे मोठ्याने म्हणालो, ते खरं. जिन्यातल्या लोकांनी तेवढंच ऐकलं.

डॉक्टर आले. पोट दाबून पाहिलं, नळीतून मागे ओढलं तर हिरवट आलं. दूध लगेच थांबवलं, सलाईन, अँटिबायोटिक, एक्स-रे. आतड्याचा आजार सुरू होत होता. सुरुवातीलाच हाती लागला, ऑपरेशनची वेळ आली नाही. पाच दिवस तिच्या पोटात थेंब गेला नाही, पण तुझी वहिनी दर दोन तासांनी दूध काढतच राहिली, आटू नये म्हणून. तेव्हा मात्र मी जिन्यात जाऊन रडलो.

त्या तरुण डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला बसवून घेतलं. म्हणाले, आई-बापाला शिकवून बाळाजवळ बसू द्यावं अशा सूचना केंद्र सरकारने २०१७ सालीच दिल्या आहेत. इथे जागा आणि माणसं कमी म्हणून राहून गेलं. मला गडचिरोली आठवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या बायांना बाळाचा ताप मोजायला, श्वास मोजायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आपली आशाताई घरी येऊन बाळ तपासते त्याचं मूळ तिथलं. आपल्याच विदर्भातल्या बाईला जे समजतं ते या लेकराच्या सख्ख्या आईला का समजू नये? हे मी त्यांना असंच बोललो. त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून आम्हाला हात धुवून, गाऊन घालून आत बसू दिलं.

श्वासाची नळी निघाल्यावर कांगारू सुरू झालं. बाळाला फक्त लंगोट नि टोपी, आणि उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून कापड. वहिनी दमली की मी. माझी सासू पाहायला आली तर म्हणते, "माणसानं काय लेकरू असं आंगाले लावून बसा लागते का?" पण दोस्ता, तिचा श्वास माझ्या गळ्याखाली लागत होता आणि मशीनवरचे आकडे स्थिर होत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, १९७८ साली कोलंबियात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडल्या म्हणून हे सुरू झालं, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही जन्मल्याबरोबर करायला सांगते.

डोळ्यांचं तेवढं लक्षात ठेव. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा महिन्याच्या आत तपासायचा असतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि उशीर झाला तर नजर जाऊ शकते. आमच्या कागदावर तारीख होती, पण तपासणारे डॉक्टर त्या आठवड्यात येणार नव्हते. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. वहिनीने वही उघडून दिवस मोजून दाखवले. सव्विसाव्या दिवशी चिठ्ठी घेऊन नागपूरला नेलं. पडदा चांगला निघाला.

तेहतिसाव्या दिवशी १,७८० ग्रॅमची चिमणी घरी आली. सोयाबीन निम्मं शेतातच फुटून गेलं होतं, त्याचं काही वाटलं नाही. सरकारी उपचाराचा पैसा लागला नाही, पण खाणं, जाणं-येणं आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करून ठेव, आणि आपल्या गावापासून नवजात विभाग किती लांब आहे ते आजच विचारून घे. तुझ्या बायकोला सांग, वही आत्ताच घे. पहिल्या पानावर रक्तगट लिही.

संक्रांतीला ती तीन किलो शंभर भरली. कानाची तपासणी पुढच्या सोमवारी आहे. तुझ्या वहिनीचा आता कुठे डोळा लागलाय आणि चिमणी कुडकुडायला लागली, तेव्हा तिला छातीशी घेतो. पुढचं मग लिहीन.

तुझा
रूमपार्टनर