सव्वा पान नको

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मंगेश,

स. न. वि. वि. वगैरे राहू दे, थेट कामाचं बोलतो. तुझा रेझ्युमे वाचला. चार पानं आहेत. बारा वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला दोन पानं पुरतात. पण नुसतं ‘दोन पानांत बसव’ म्हटलं तर तू काय करशील तेही मला ठाऊक आहे. अक्षर नऊ पॉइंटवर आणशील, समास अर्ध्या सेंटिमीटरवर, आणि चार पानांचा ऐवज दोन पानांत कोंबशील. एचआरवाले निम्म्या वेळा मोबाइलवर पीडीएफ उघडतात, तिथे नऊ पॉइंट म्हणजे मुंग्यांची रांग.

आधी माप ठरव आणि मग त्याला हात लावू नकोस. ए-फोर कागद, चारही बाजूंनी २ सेंमी समास, मजकूर १०.५ किंवा ११ पॉइंट, ओळींतलं अंतर १.१ च्या आसपास. अशा पानात साधारण ४५० शब्द बसतात, म्हणजे तुझ्या हातात नऊशेच्या आत शब्द आहेत. नुकत्याच पास झालेल्याला एक पान, पाच-सात वर्षं झालेल्यालाही एकच. दहाच्या पुढे दोन. शोधनिबंधांची यादी द्यावी लागणाऱ्या प्राध्यापक-संशोधकांच्या सीव्हीचं गणित वेगळं, तिथे पानं मोजत नाहीत.

आता कात्री. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट नंबर, पूर्ण पत्ता आणि शेवटचं ते ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र स्थळ-दिनांक-सहीसकट काढून टाक. ती लग्नाच्या आणि सरकारी अर्जाच्या बायोडेटातली मंडळी आहेत. पत्त्यासाठी ‘चिंचवड, पुणे’ एवढं पुरे. छंदही गेले. (वाचन आणि संगीत सोडून तिसरा छंद लिहिणारा माणूस भेटला तर कळव.) एवढ्याने अर्धं पान सुटेल. दहावी-बारावीच्या टक्क्यांचा तक्ता आता कोणी बघत नाही. डिग्री, कॉलेज आणि वर्ष एका ओळीत घे.

खरी चरबी नोकऱ्यांत आहे. इनकमिंग, इन-प्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शन हे तीन मुद्दे तू तिन्ही कंपन्यांखाली जसेच्या तसे लिहिलेस. सध्याच्या नोकरीला पाच-सहा मुद्दे दे, मागचीला तीन, ट्रेनी असतानाच्या वर्षाला फक्त एक ओळ. एकही मुद्दा दोन ओळींपुढे जाता कामा नये. ‘कस्टमर कम्प्लेंट हाताळल्या’ हे नोकरीचं वर्णन झालं, ते तुझ्या पदावरूनच कळतं. त्याऐवजी ‘कस्टमर रिजेक्शन ४२० पीपीएमवरून ९० वर, १४ महिन्यांत’ अशा घाटाचं वाक्य हवं (पीपीएम म्हणजे दहा लाख नगांमागे नाकारलेले नग). आकडे तुझे घाल, आणि मुलाखतीत आकड्यामागचा ८डी रिपोर्ट (तक्रारीच्या मुळाशी जाणारा आठ टप्प्यांचा अहवाल) तोंडपाठ सांगता येईल तेवढेच घाल.

ट्रेनिंगची एकोणीस सर्टिफिकेटं आहेत. आयएटीएफ १६९४९ चा, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचा, इंटर्नल ऑडिटर ठेव. कोअर टूल्स, म्हणजे त्या उद्योगात दर्जा सांभाळायच्या ठरलेल्या पद्धती, एका ओळीत मावतील: एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एमएसए, एसपीसी. फाइव्ह-एस (कामाच्या जागेची शिस्त) अवेअरनेसचा अर्धा दिवस गेला तरी चालेल. टीएस १६९४९ चं जुनं सर्टिफिकेट तर काढच. २०१६ मध्ये त्याची जागा आयएटीएफने घेतली, त्यामुळे ते ठेवलंस तर तू मागे राहिल्यासारखा दिसतोस.

एवढं करून कदाचित सव्वादोन पानांवर अडकशील. तीच सगळ्यात वाईट जागा, एक पानवाल्यांना सव्वा पान जसं. पुढच्या पानावर लोंबणाऱ्या पाच ओळी बघणाऱ्याला वाटतं, याला आवरता आलं नाही. शेवटचं पान निदान अर्धं भरलेलं असावं, नाहीतर ते नसावंच. त्या पाच ओळी आवरायला मुद्दे उडवण्याआधी शेपट्या शोध. ज्या मुद्द्याच्या शेवटच्या ओळीत एक-दोनच शब्द आहेत, तिथला एखादा शब्द वर कापला की अख्खी ओळ वाचते. तुझ्याकडे अशा डझनभर तरी आहेत.

पहिल्या पानावर तीन ओळींचा सारांश, कोअर टूल्स आणि सध्याची नोकरी पूर्ण यायला हवी. ती मधेच तुटून पुढे जाऊ देऊ नकोस. फोन नंबर हेडरमध्ये टाकू नकोस आणि दोन कॉलमही करू नकोस. पोर्टलची काही सॉफ्टवेअरं हेडर वाचतच नाहीत, आणि कॉलम एकमेकांत मिसळून खिचडी करतात.

वर्डमध्ये शेवटी तक्ता असेल तर त्यानंतर एक रिकामा परिच्छेद राहतोच, आणि त्याच्यापायी कोरं तिसरं पान निघतं. त्या परिच्छेदाचा फॉन्ट १ पॉइंट कर आणि मगच पीडीएफ काढ. अमेरिकेतल्या ऑफिसला अर्ज करणार असशील तर कागद लेटर साइजचा घे. त्याची उंची २७९ मिमी, आपल्या ए-फोरची २९७, म्हणजे दर पानामागे तीन-चार ओळी खाली ढकलल्या जातात. तेवढी जागा आधीच मोकळी ठेव.

आणि ती चार पानी फाइल पुसू नकोस. ‘मास्टर’ नावाने वेगळी ठेव. प्लेटिंगवाल्या कंपनीला अर्ज करताना आज कापलेला सॉल्ट स्प्रे टेस्टचा (मिठाच्या फवाऱ्याने गंज तपासायच्या चाचणीचा) मुद्दा परत लागेल, तेव्हा तिथूनच उचलता येईल. नवी प्रत गुरुवारपर्यंत पाठव. लाल पेन तयार आहे.

तुझा,
विनायक