त्या दोन अनोळखी उपासकांचे मनःपूर्वक आभार

गुड फ्रायडेच्या दुपारी बारा ते तीन या उपासनेत आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन होते आणि प्रत्येक मननानंतर गीत गायले जाते. ज्यांनी मला हार्मोनियम आणि प्रार्थना एकाच बैठकीत शिकवली, ते माझे वडील यंदा त्या दिवशी रुग्णालयात होते. त्यांच्याच आग्रहावरून मी गायला बसलो होतो. चौथ्या उद्गारानंतर, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या परित्यागाच्या आक्रोशानंतर, पहिल्याच कडव्यात माझा कंठ दाटून आला आणि आवाज थांबला. तेव्हा मागच्या बाकावरून एक अनोळखी भगिनी पुढे आल्या आणि मी जिथे थांबलो होतो त्याच शब्दापासून, माझ्याच पट्टीत, त्यांनी गीत उचलले. ती पट्टी स्त्रीच्या गळ्याला किती खालची पडते, हे गाणाऱ्यांना कळेल. त्यांच्यासोबतच्या गृहस्थांनी न सांगता गीतपुस्तकाची पाने धरली. माझा आवाज परतताच त्या भगिनींनी आपला स्वर हळूच मागे घेतला, मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत साथ सोडली नाही. आशीर्वचनानंतर गर्दीत त्या दोघांची भेट होऊ शकली नाही. वडील आता घरी आले आहेत आणि हे आभार त्यांच्याही वतीने आहेत.