बॅटरी बसवताना पत्र्याची पट्टी नको

मा. संपादक, स.न.

पावसाळा सुरू झाला की उन्हाळ्यात तापून निघालेल्या बॅटऱ्या मान टाकतात आणि बॅटरीच्या दुकानांसमोर गाड्या उभ्या राहू लागतात. तिथे सर्रास चालणाऱ्या एका जुगाडाविषयी हे पत्र आहे. नव्या बॅटरीची टर्मिनल (वर आलेले धन-ऋण खुंट) गाडीच्या वायरींच्या क्लॅम्पना (टोकाच्या पकडींना) जुळली नाहीत, तर क्लॅम्प ढिला असल्यास आत पत्र्याची पट्टी नाहीतर तारेचे वेटोळे खुपसतात. क्लॅम्प लहान असला तर टर्मिनल कानशीने घासतात किंवा वरून हातोडी मारतात. सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, की गिऱ्हाईक पैसे देऊन निघते.

हा फरक किरकोळ नाही. जपानी मापाच्या छोट्या बॅटरीच्या बारीक प्रकारात धन टर्मिनलचा व्यास बुडाशी १४.७ मिमी आणि ऋणाचा १३ मिमी असतो. जाड प्रकारात हीच मापे १९.५ आणि १७.९ मिमी. धन बाजू मुद्दाम जाड ठेवलेली असते, वायरी उलट लागू नयेत म्हणून. तीच घासून बारीक केली की पुढच्या मेकॅनिकच्या हातून वायरी उलट लागण्याचा आणि अल्टरनेटरचे (गाडी चालू असताना वीज तयार करणाऱ्या यंत्राचे) डायोड जळण्याचा धोका आपणच तयार करतो.

सेल्फ मारताना छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर करंट वाहतो. सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि सांधा तापतो. आमच्या सोसायटीतल्या एका गाडीचा क्लॅम्प उघडला, तेव्हा आतली पट्टी गंजून काळी पडली होती. त्या मालकाला मात्र ‘बॅटरीच खराब लागली’ असे सांगण्यात आले होते. चालत्या गाडीत असा सांधा सुटला तर अल्टरनेटरचा वाढीव व्होल्टेज थेट इलेक्ट्रॉनिक्सवर जातो. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी उडणे किती घातक, हे वेगळे सांगायला नको. हातोडीच्या घावाने टर्मिनलचा आतला जोड आणि झाकणाचे सील उकलते, ते वरून दिसतही नाही.

खरे तर उपाय स्वस्त आहे. बारीक टर्मिनलवर चढवायच्या शिशाच्या टोप्या मिळतात, धन आणि ऋण बाजूसाठी वेगवेगळ्या मापाच्या. उलट परिस्थितीत, म्हणजे टर्मिनल जाड आणि क्लॅम्प लहान असेल, तर क्लॅम्प बदलावा किंवा सरळ दुसरी बॅटरी घ्यावी. बॅटरीवरचा कोडही वाचावा. ३८बी२०एल यातले शेवटचे एल धन-ऋणाची बाजू सांगते. त्याजागी आर असलेली बॅटरी आणली तर वायर पोचत नाही, मग ती ओढूनताणून बसवली जाते आणि लोखंडाला घासत राहते. ५५बी२४एलएस मधला एस म्हणजे जाड टर्मिनल. किती गिऱ्हाइकांना हे ठाऊक असेल?

म्हणून बॅटरी कंपन्यांनी खोक्यावर ‘जाड’ की ‘बारीक’ आणि धन बाजू कोणती, हे मराठीत ठळक छापावे. दुकानदारांनी टोप्या आणि क्लॅम्प दुकानात ठेवावेत आणि बिलावर पूर्ण कोड लिहावा. वाहनमालकांनीही नवी बॅटरी नीट बसेपर्यंत जुनी ताब्यातून सोडू नये. दोन्ही शेजारी ठेवून टर्मिनल ताडून पाहावीत, मगच जुनी दुकानात जमा करावी.

– एक वाचक, चिंचवड